सात दिवसांनी निघणारी क्रेन

प्रति,
रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांसाठी मदतीचं सभासदत्व विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक
प्रत माहितीसाठी: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

आधी कबुली देते. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमच्यापैकी एका कंपनीच्या संकेतस्थळावर ‘माझे वाहन सध्या चालू स्थितीत आहे’ असं वाक्य होतं आणि त्याच्यापुढे एक रिकामा चौकोन. त्या चौकोनात मी खूण केली तेव्हा माझी गाडी आंबा घाटात, एका वळणाच्या जरा अलीकडे, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावून उभी होती. बॉनेटमधून जळक्या क्लच प्लेटचा वास येत होता. ज्यांनी तो एकदा घेतला आहे त्यांना तो वर्णन करून सांगावा लागत नाही.

माहेर रत्नागिरी, सासर सोलापूर, त्यामुळे हा रस्ता मला पाठ आहे. गाडी मीच चालवते. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर दुसरा कोणी चालकच घरात नाही. आषाढातला दिवस, संध्याकाळचे पावणेसात. साखरप्यापासून चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी मात्र पुढे सरकेना. दुसरा टाकला, पहिला टाकला. पाचएकशे मीटर कशीबशी ओढली आणि थांबली ती थांबलीच. बाहेर धुकं आणि पाऊस, शेजारी यजमान, मागच्या सीटवर ८१ वर्षांच्या सासूबाई. मागून येणाऱ्या एका पिकअपवाल्यानं गाडी थांबवून दगड लावून दिले, आमची मागची डिकी उघडून ठेवली म्हणजे लांबून दिसेल, आणि ‘काकू, कठड्याच्या बाजूला बसा, रस्त्याच्या बाजूला नको’ असं सांगून गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

मोबाइलला एकच काडी रेंज होती. त्या एका काडीवर मी ‘घाटात गाडी बंद मदत’ असं शोधलं आणि सगळ्यात वर तुम्ही आलात. ‘२४ तास मदत. ३० मिनिटांत तुमच्यापर्यंत. आत्ताच सभासद व्हा.’ वर्षाचे १,४९९ रुपये. शेजारी एक लाल पट्टी, त्यात आकडे उलटे मोजत होते: ही सवलत संपायला ९ मिनिटं ४० सेकंद. घाटात धुक्यात बसलेल्या बाईला घड्याळ दाखवायची काय गरज होती, हे मला अजून कळलेलं नाही. पैसे भरले, चौकोनात खूण केली, पावती आली. लगेच मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा मुलगा अतिशय सभ्य होता. त्यानं माझा सभासद क्रमांक घेतला, गाडीचा क्रमांक घेतला, आणि म्हणाला, ‘मॅडम, आपलं सभासदत्व सात दिवसांनी ॲक्टिव्हेट होईल.’

मी त्याच्यावर ओरडले. त्याची मी या पत्रातून माफी मागते. त्यानं नियम केलेला नव्हता आणि पगारही त्याला फारसा असेल असं वाटत नाही.

आता हा नियम मला नवीन होता असं म्हणायची सोय नाही. मी एका जिल्हा बँकेच्या शाखेत, पंढरपूर तालुक्यात, ३१ वर्षं काम केलं. त्यातली निम्मी वर्षं पीककर्जाच्या आणि पीकविम्याच्या खिडकीवर गेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली ती लक्षात असेल. त्या आठवड्यात आमच्या खिडकीसमोर एक द्राक्षबागायतदार उभा राहिला. बाग आडवी झालेली. हातात भरलेला फॉर्म आणि हप्त्याची रोख रक्कम. ‘बाई, तारीख तेवढी मागची टाका.’ मी टाकली नाही. टाकता येत नव्हतीच, पण मी त्याला वर चार शब्दही ऐकवले, की पाऊस पडून गेल्यावर छत्रीचे पैसे घेऊन कोण येतं. ते चार शब्द मला आंबा घाटात शब्दशः आठवले.

तेव्हा तुम्ही मला विम्याचं तत्त्व समजावून सांगायची तसदी घेऊ नका. ते मी दुसऱ्यांना समजावत आले आहे. समजा १,००० जणांनी प्रत्येकी १,५०० रुपये भरले. जमले १५ लाख. एक क्रेन घाटात पाठवायला ६,००० रुपये पडतात असं धरलं, तर त्या पैशात २५० गाड्या उचलता येतात. वर्षभरात तेवढ्या बंद पडल्या नाहीत तर तुमचा पगार, भाडं, नफा त्यातूनच निघतो. पण तेच १,००० जण गाडी बंद पडल्यावरच सभासद व्हायला लागले, तर खर्च ६० लाख आणि जमा तेच १५. ज्याची गाडी नीट आहे त्यानं आधी भरायचं, तेव्हा बिघडलेल्याची सोय होते. दुसरी युक्ती त्यात नाही. १९३८ च्या विमा कायद्यात ६४-व्हीबी हे कलम आहे: हप्ता हातात आल्याशिवाय विमा कंपनीनं जोखीम घ्यायची नाही. बँकेच्या परीक्षेला हे कलम हमखास यायचं.

माझी चूक त्याहून आधीची आहे. एप्रिलमध्ये गाडीच्या पॉलिसीचं नूतनीकरण होतं. एजंटानं विचारलं होतं, ‘ताई, रोडसाइड असिस्टन्स टाकू का? साडेतीनशे वाढतील.’ मी नको म्हटलं, कारण ‘विमा तर आहेच ना’. हा गैरसमज माझ्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला असेल तर इतरांचं काय सांगावं. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत अपघात झाला तर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत हलवण्याचा खर्च असतो, तोही सरसकट १,५०० रुपयांच्या मर्यादेत. यांत्रिक आणि विद्युत बिघाड मात्र त्यातून स्पष्ट वगळलेला असतो. म्हणजे गाडी कठड्यावर आदळली असती तर १,५०० रुपये मिळाले असते. शहाण्यासारखी बाजूला उभी केली म्हणून शून्य. हे मी पॉलिसीचा कागद घरी येऊन, चष्मा लावून, पहिल्यांदा वाचला तेव्हा कळलं.

हे सगळं मान्य करून मी हे पत्र लिहिते आहे, म्हणजे ‘पैसे परत द्या’ हा त्याचा विषय नाही. सात दिवसांची अट ठेवा. पंधरा दिवसांची ठेवा. माझं म्हणणं एवढंच आहे की जो माणूस आत्ता, या क्षणी अडकला आहे, त्याच्यासमोर तीच वस्तू मांडू नका जी त्याला आज मिळणारच नाही. आणि मांडायचीच असेल तर तिची अट पैसे भरायच्या बटणावर लिहा, त्याच आकाराच्या अक्षरात: ‘१,४९९ भरा. मदत सात दिवसांनंतर.’ माझ्या पावतीबरोबर आलेल्या अटींच्या ११ पानांत ही ओळ सातव्या पानावर आहे. मी ती शोधली. बँकेत सवय लागली आहे.

तुम्ही म्हणाल, चौकोन होता ना, गाडी चालू आहे असं लिहून घेतलं होतं ना. होतं. पण तो चौकोन कोणासाठी ठेवला आहे याचा प्रामाणिक विचार करा. ‘घाटात गाडी बंद’ असं शोधणाऱ्याला तुमची जाहिरात दिसावी म्हणून तुम्ही पैसे मोजता. ज्याची गाडी अंगणात झाकून ठेवलेली आहे तो हे शब्द कशाला शोधेल? म्हणजे गिऱ्हाईक कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे जाहिरात देताना तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, आणि पैसे घेताना तेच तुम्ही त्याच्याकडून नाकारून घेता. खोटं मी बोलले हे खरं. पण ते खोटं बोलायची जागा तुम्ही आखून ठेवली होती.

प्रत ज्यांना पाठवली आहे त्या प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई करणं हा त्यातला अगदी पहिला. पडद्यावर एक गोष्ट ठळक करून दुसरी झाकणं हाही त्यात आहे. माझ्या लाल पट्टीतलं उलटं घड्याळ दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरातून पाहिलं तर पुन्हा १० मिनिटांपासून सुरू झालं होतं. यजमानांनी त्यांच्या फोनवर उघडलं, तर त्यांच्यासाठीही १० मिनिटं. आता ही घाई खरी की खोटी हे ठरवायला समिती नेमायची गरज नसावी.

विमा कंपनीनं पॉलिसीला जोडून विकलेली मदत हैदराबादच्या विमा नियामकाच्या नजरेखाली येते; तक्रार असेल तर विमा लोकपालाचं दार आहे. तुम्ही विकता ते ‘सभासदत्व’. तो सेवेचा करार. म्हणजे लोकपाल नाही. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन किंवा ग्राहक आयोग. १,४९९ रुपयांसाठी आयोगाच्या फेऱ्या कोण मारणार हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून खुलं पत्र.

अडलेल्याचं काय करायचं हा प्रश्न काही तुमच्या धंद्यानं पहिल्यांदा पाहिलेला नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात ओबायन काउंटीत, २०१० च्या सप्टेंबरअखेरीस, एका घराला आग लागली. गावाबाहेरच्या घरांनी अग्निशमन सेवेसाठी वर्षाला ७५ डॉलर भरायचे असा तिथला नियम होता आणि या घराचे भरायचे राहिले होते. बंब आला तो शेजाऱ्याच्या शेतापर्यंत ज्वाळा पोहोचल्यावर, कारण शेजाऱ्यानं पैसे भरले होते. घरमालक आता लागेल ते देतो म्हणत राहिला आणि घर जळून गेलं. त्यावर जगभर चर्चा झाली. मला त्यात दोन्ही बाजू पटतात आणि रात्री झोप येत नाही, एवढंच सांगते. पण एक गोष्ट त्या अग्निशमन दलाच्या बाजूची आहे: त्यांनी त्या माणसाकडून त्या वेळी ७५ डॉलर घेतले नाहीत. घेऊन ‘पुढच्या आठवड्यापासून’ असं म्हणाले नाहीत.

उलट टोकाचं उदाहरण जहाजांचं. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात ‘बुडालं असो वा नसो’ या अटीवर विमा काढता येतो. पूर्वी जहाज महिनोन्‌महिने समुद्रात असायचं, त्याचं काय झालं हे किनाऱ्यावर कोणालाच कळत नसे. म्हणून ते आधीच बुडालेलं निघालं तरी विमा चालतो. मात्र विमा काढणाऱ्याला ते माहीत असेल आणि कंपनीला नसेल, तर नाही. सगळा न्याय त्या ‘माहीत असेल’मध्ये आहे. माझ्या बाबतीत मला माहीत होतं, म्हणून मी दोषी. आणि तुम्हालाही माहीत होतं. असं दोघांनाही माहीत असताना झालेल्या कराराला काय म्हणायचं, ते मला कायद्यात सापडलं नाही. आमच्याकडे त्याला ‘गरजवंताला अक्कल नसते’ म्हणतात, आणि म्हण गरजवंताविषयी असली तरी ती वापरतो दुसराच कोणी.

आता त्या रात्रीचं उरलेलं.

आंब्याच्या बाजूनं उतरणाऱ्या एसटीच्या वाहकानं, गाडी पाच सेकंद थांबवून, एका क्रेनवाल्याचा नंबर सांगितला. लावला. तो म्हणाला, ‘कोल्हापूरपर्यंत साडेसहा हजार. घाटातनं नुसतं वर आंब्यापर्यंत पायजे तर अडीच. तासाभरात येतो, पाऊस जास्त असला तर सव्वा तास.’ एका वाक्यात भाव, अंतर आणि वेळ. तारांकित अट कुठेही नाही. एक तास दहा मिनिटांनी आला. (तोवर सासूबाईंनी डब्यातले सगळे घावन संपवून ‘बाळ येईल तेव्हा त्याला काय द्यायचं’ अशी चिंता सुरू केली होती.) टोचन करून नेतो म्हणाला होता, पण प्रत्यक्षात आडवी फळी असलेली मोठी गाडी घेऊन आला आणि आमची अख्खी गाडी वर चढवली. सासूबाईंना पुढे केबिनमध्ये बसवलं, आम्हा दोघांना मागे.

वाटेत मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा मी त्याला माझी १,४९९ ची गोष्ट सांगितली. तो हसायला लागला. तुमच्या त्याच कंपनीच्या यादीत तो होता. तिच्या सभासदाची गाडी या घाटात बंद पडली की फोन त्यालाच येतो. ‘त्यांचं बिल दोन-दोन महिन्यांनी निघतं बाई. तुमचं रोख. मला तर तुमच्यासारखं गिऱ्हाईक बरं.’

म्हणजे त्या संध्याकाळी तुमच्याकडे सगळं होतं. माझा फोन होता, माझी जागा कळलेली होती, घाटाखालचा क्रेनवाला यादीत होता. फक्त मला विकायला योग्य वस्तू तुमच्या दुकानात नव्हती. तुमच्या त्या सभ्य मुलाला एवढं एकच वाक्य बोलायची मुभा असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती: ‘मॅडम, सभासदत्व आज उपयोगाचं नाही. पण आत्ता गाडी पाठवायची असेल तर ९,००० रुपये, त्यात पुढच्या वर्षभराचं सभासदत्व आलं.’ मी दिले असते. क्रेनवाल्याच्या भावापेक्षा जास्त असूनही दिले असते, कारण धुक्यात अनोळखी नंबरापेक्षा पावती देणारी कंपनी बरी वाटते. क्रेनवाल्याचे साडेसहा, सभासदत्वाचे दीड, वर हजार तुमच्या तसदीचे. कुणाचं नुकसान झालं यात?

ही माझी कल्पना म्हणून डोक्यावर घेऊ नका. इंग्लंडमध्ये आरएसी ही वाहनधारकांची संस्था १८९७ पासून आहे, एए ही तशीच दुसरी १९०५ पासून. या दोन्ही ठिकाणी गाडी बंद पडल्यावरही, रस्त्याच्या कडेला उभं राहून, मदत घेता येते. फक्त आधीपासून सभासद असलेल्यापेक्षा जास्त पैसे पडतात आणि ते जास्तीचे पैसे उघड सांगितले जातात. शंभर वर्षांहून जुन्या संस्थांचा धंदा त्यानं बुडालेला नाही. आपल्याकडेही मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे, म्हणजे वाहनधारकांनी वर्गणी काढून एकमेकांची सोय करायची ही गोष्ट इथे कालपरवा आलेली नाही.

‘असं केलं तर आधी कोण भरेल?’ हा तुमचा आक्षेप असेल. दीड हजार आणि नऊ हजार यांतला फरक ज्याला कळतो तो भरेल. ज्याला कळत नाही त्याला एकदा घाटात नऊ हजार भरल्यावर कळेल, आणि मग तो तुमचा जन्माचा गिऱ्हाईक. पीकविम्याच्या खिडकीवर मी हेच पाहिलं. २०१४ ला आडव्या झालेल्या बागेचा तो मालक पुढच्या हंगामात मुदतीच्या तीन आठवडे आधी आला होता, आणि बरोबर दोन चुलतभाऊ घेऊन.

आणखी एक. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता राष्ट्रीय महामार्गच आहे, क्रमांक १६६. त्या संध्याकाळी तो माझ्या डोक्यातच आला नाही. मलकापूरच्या चहाच्या टपरीवर क्रेनवाल्यानं सांगितला. तुमच्या पानावर, ज्याला सात दिवस थांबायला वेळ नाही अशा माणसासाठी, लाल घड्याळाच्या जागी तो क्रमांक छापायला तुम्हाला काहीही खर्च येणार नाही. ११२ सुद्धा छापा. घाटाच्या वळणावर उभी असलेली गाडी ही फक्त बिघाडाची गोष्ट नसते; मागून येणाऱ्या ट्रकला ती धुक्यात दिसेलच असं नाही.

तर मागणी लेखी असावी म्हणून लिहिते. थांबण्याची मुदत किमतीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. पैसे घेण्याआधी ‘गाडी आत्ता बंद आहे का?’ असं सरळ विचारा, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला पैसे भरायच्या पानाकडे न नेता रोख भावाकडे न्या. उलटं मोजणारं घड्याळ काढा. आणि ज्यांनी बंद गाडीत बसून सभासदत्व घेतलं आणि त्याच दिवशी मदत मागितली, त्यांची यादी तुमच्या संगणकात आहे. त्यांना एक पत्र लिहा. त्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. प्राधिकरणाला विनंती अशी की अशा कंपन्यांची पैसे भरायची पानं कोणीतरी एकदा मोबाइलवर, भर पावसात नाही तर निदान एक काडी रेंजवर, उघडून पाहावीत. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर सातवं पान लगेच सापडतं.

तुमचं उत्तर माझ्या सोलापूरच्या पत्त्यावर आलं तर बरं. तोवर तुमचे ‘आमच्या कुटुंबात स्वागत’ असे संदेश दर सोमवारी येत आहेत, ते पोहोचतात.

आपली,
एक सभासद, सोलापूर

ता. क. माझं सभासदत्व आठव्या दिवशी नियमाप्रमाणे सुरू झालं आहे. नवी क्लच प्लेट बसवली. वाहन सध्या चालू स्थितीत आहे, या वेळी खरोखर.